आनंदाचेही अंदाजपत्रक

चेन्नईचे मांबलम हे उपनगरी रेल्वेस्थानक दोन निराळ्या वस्त्यांच्या सीमेवर उभे आहे. रुळांच्या पूर्वेस त्यागरायनगर, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेले टी. नगर. तेथील रंगनाथन स्ट्रीटवर सणाच्या दिवसांत पाय ठेवण्यास जागा नसते. पश्चिमेस वेस्ट मांबलम. अयोध्या मंडपातील प्रवचने, आर्य गौडा रोडवरील दुकाने, पहाटे दारापुढे उमटणारे कोलम आणि जुन्या घरांच्या जागी उभ्या राहिलेल्या लहान इमारती, असे या वस्तीचे रूप आहे. तंजावरी मराठी बोलणारी कुटुंबे या शहरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली, तर बँका आणि सरकारी कार्यालयांतील बदल्यांमुळे महाराष्ट्रातून येथे येणाऱ्यांची ये-जाही सतत चालू असते.

या वस्तीतील गृहिणीस नियोजन शिकविण्याची आवश्यकता नाही. जुलैच्या मध्यास आडी महिना लागला की सवलतीच्या दरात कोणती वस्त्रे घ्यावयाची, याची यादी घरात तयार असते. दिवाळीसाठी वर्षभर थोडी थोडी रक्कम बाजूस टाकली जाते. सराफाकडे दरमहा ठरावीक हप्ता भरून वर्षअखेरीस सोने घेण्याची पद्धत तर येथे घरोघरी परिचित आहे. आपल्याकडील भिशीचीच ही दाक्षिणात्य भावंडे म्हणता येतील. मुलीच्या लग्नाचा, मुलाच्या महाविद्यालयाचा, घराच्या रंगरंगोटीचा विचार कित्येक वर्षे आधी सुरू होतो.

अशा काटेकोर घरातदेखील मुलांना मनोरंजन उद्यानात नेण्याचा बेत मात्र बहुधा आदल्या रात्री ठरतो.

याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. कर्तव्यासाठी तरतूद करावयाची आणि आनंद उरलेल्या पैशात भागवावयाचा, ही मध्यमवर्गाची जुनी रीत आहे. उरलेले पैसे मात्र कधीच उरत नाहीत. मग मुलांचा हट्ट, वर्गमित्रांनी केलेले वर्णन, वर्तमानपत्रातील रंगीत जाहिरात यांचा जोर एके दिवशी असह्य होतो आणि क्रेडिट कार्ड पुढे करून सगळे कुटुंब गाडीत बसते. साडीसाठी सहा महिने विचार करणारे घर सहलीसाठी सहा तासही देत नाही. खर्च तर होतोच, परंतु ज्यासाठी तो केला ते पदरात पडेल याची शाश्वती राहत नाही.

चेन्नईस अशा उद्यानांची वाण नाही. पूर्व किनारपट्टी रस्त्यावर इंजम्बाक्कम येथे व्हीजीपी आणि त्याच रस्त्याने पुढे मुट्टुकाडू येथे एमजीएम ही उद्याने येथील दोन पिढ्यांच्या ओळखीची. तांबरमनजीक १९९५ मध्ये सुरू झालेले किष्किंता हे भारतातील पहिला त्रिमिती चित्रपट काढणाऱ्या नवोदय अप्पच्चन यांनी उभारले होते. २०२५ च्या डिसेंबरात शहराच्या दक्षिणेस तिरुपोरूरजवळ वंडरलाचे प्रशस्त उद्यान सुरू झाले. मराठी वाचकास यावरून गोराईचे एस्सेल वर्ल्ड आठवेल. १९८९ साली उघडलेले ते उद्यान २०२२ मध्ये बंद झाले आणि तोवर, २०१३ पासून, खोपोलीच्या इमॅजिकाने नव्या पिढीस आपल्याकडे ओढून घेतले होते.

यांपैकी व्हीजीपीची कथा बँकेच्या ग्राहकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. या उद्योगसमूहाचे संस्थापक व्ही. जी. पन्नीरदास यांचे नाव मद्रासमध्ये प्रथम गाजले ते हप्त्याने वस्तू विकण्यासाठी. ज्या काळी पगारदार माणसास रेडिओ, पंखा किंवा शीतकपाट एकरकमी घेणे अशक्य होते, त्या काळी त्यांनी या वस्तू मासिक हप्त्यांवर घरोघरी पोहोचविल्या. हा व्यवहार शहाणपणाचा होता, कारण पंख्याचे हप्ते फिटल्यावरही पंखा वर्षानुवर्षे फिरत राही. सहलीचे तसे नाही. सहल एका दिवसात संपते आणि हप्ता बारा महिने राहतो. जून महिन्यात शाळेचे शुल्क भरताना मे महिन्यातील रोलर कोस्टरचा हप्ताही भरावा लागला, की त्या आनंदाची चव उतरते. ज्या वस्तूचे आयुष्य कर्जाच्या मुदतीहून अधिक, तिच्यासाठीच कर्ज काढावे, हा जुन्या बँक अधिकाऱ्यांचा ठोकताळा येथे अक्षरशः लागू पडतो.

बँकेच्याच नियतकालिकात कर्जाविरुद्ध असा सूर निघावा, याचे कोणास नवल वाटेल. कर्ज देणे हा बँकेचा व्यवसाय आहे, हे खरेच. परंतु ठेव स्वीकारणे हाही तिचाच व्यवसाय आहे आणि तो अधिक जुना आहे. वेस्ट मांबलममधील एखादे सहा जणांचे कुटुंब उदाहरणादाखल घेऊ. पती-पत्नी, दोन मुले, आणि सुट्टीसाठी साताऱ्याहून आलेले आजी-आजोबा. आजी-आजोबांचे रेल्वेभाडे, किनारपट्टीवर एक मुक्काम, दोन दिवसांची प्रवेशतिकिटे, गाडी आणि खाणेपिणे मिळून ३०,००० रुपये लागतील असे धरू. ही रक्कम द.सा.द.शे. १४ दराने वर्षभराच्या कर्जाने उभी केली, तर दरमहा सुमारे २,६९४ रुपयांचा हप्ता बसतो आणि व्याजापोटी सुमारे २,३२० रुपये जातात. तेच कुटुंब आदल्या वर्षी २,५०० रुपयांची आवर्ती ठेव सुरू करील आणि व्याजदर साडेसहा टक्के असेल, तर वर्षाअखेरीस ३०,००० रुपयांवर हजाराहून अधिक व्याज हाती येते. दोहोंतील अंतर सव्वातीन हजारांच्या पुढे जाते. त्यात दोन माणसांची प्रवेशतिकिटे निघू शकतात. क्रेडिट कार्डाची थकबाकी महिनोन्‌महिने ओढली तर हा हिशेब मांडूच नये, इतका तो बिघडतो. दरमहा साडेतीन टक्के म्हणजे वर्षाचे बेचाळीस टक्के, एवढे ध्यानात घेतले तरी पुरे.

पैशाच्या तरतुदीइतकीच दिवसाची निवड महत्त्वाची, आणि महाराष्ट्रातून आलेली कुटुंबे हमखास फसतात ती येथे. आपल्याकडे दिवाळी म्हणजे पाऊस सरलेला, हवेत गारवा आलेला, असा सहलीचा काळ. चेन्नईचा मुख्य पाऊस मात्र ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. तो ऑक्टोबरात सुरू होतो आणि डिसेंबरपर्यंत मुक्कामास असतो. २०१५ च्या डिसेंबरातील महापूर सर्वांस आठवतो. २०२१ च्या नोव्हेंबरात टी. नगर आणि मांबलमच्या रस्त्यांवरच पाणी साचले होते. वेस्ट मांबलममधील लेक व्ह्यू रोड या नावाचा सरोवराशी संबंध काय, असा प्रश्न नवख्यास पडतो. एके काळी या भागात खरोखरच विस्तीर्ण तलाव होता आणि १९२०च्या दशकात टी. नगर वसविताना तो बुजविण्यात आला. पावसाळ्यात पाणी आपली जुनी जागा शोधत येते. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत आजी-आजोबांस चेन्नईस बोलावून पाण्याचे खेळ दाखविण्याचा बेत आखणाऱ्याने आकाशाकडे दुसऱ्यांदा पाहावे.

उन्हाळ्याच्या सुट्टीतील अडचण याच्या उलट. मे महिन्याच्या साधारण ४ ते २८ या तारखांच्या काळास तमिळ पंचांग अग्निनक्षत्र म्हणते, आणि हे नाव अतिशयोक्त नाही. शाळांना सुट्टी असल्यामुळे नेमकी याच दिवसांत उद्यानांवर सर्वाधिक झुंबड उडते. दुपारी एक वाजता तापलेल्या फरशीवर तासभर रांगेत उभ्या राहिलेल्या सात वर्षांच्या मुलास त्या दिवसाची कोणती आठवण राहील, हे सांगावयास नको. जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत येथील हवा सुखद असते. पोंगलचे दिवस तेवढे टाळावेत, कारण काणुम पोंगल हा सहलीचाच सण असून त्या दिवशी सारे शहर घराबाहेर पडते. शाळा बुडवावी लागेल, ही शंका रास्त आहे. परंतु वर्षाच्या आरंभी शाळेची दिनदर्शिका पाहून, एखाद्या स्थानिक सुट्टीस आपली एक रजा जोडली, तर आठवड्यातील गर्दीचा नसलेला दिवस सापडतो. जादा दराचे तिकीट घेऊन रांग टाळण्याची सोय आता मोठ्या उद्यानांत असते. योग्य वार निवडणाऱ्यास तीच सोय फुकट मिळते.

गर्दीपुढे भल्याभल्यांचे काही चालत नाही. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी उघडले, त्या दिवशी बनावट निमंत्रणपत्रिकांमुळे अपेक्षेहून कितीतरी अधिक माणसे आत शिरली. पिण्याच्या पाण्याचे नळ पुरे पडले नाहीत आणि ओला डांबर उन्हाने मऊ होऊन स्त्रियांच्या टाचा त्यात रुतल्या. वॉल्ट डिस्नेंसारख्या योजकाची ही गत, तर आयत्या वेळी निघालेल्या गृहस्थाने कशाच्या बळावर निर्धास्त राहावे?

आता त्या सहा जणांकडे पुन्हा वळू. सहलीचा बेत करताना घरातील प्रत्येकासाठी वेगळा विचार करावा लागतो आणि बहुसंख्य घरांत तो केला जात नाही. मोठ्या पाळण्यांना उंचीची अट असते. वर्षभर ज्या रोलर कोस्टरची स्वप्ने पाहिली, त्याच्या प्रवेशद्वाराशी उभ्या केलेल्या मोजपट्टीखाली मुलाचे डोके चार बोटे कमी भरावे आणि थोरल्या बहिणीस आत सोडून त्यास बाहेर थांबवावे, हा प्रसंग मोठ्यांना क्षुल्लक वाटतो. त्या मुलास तो वाटत नाही. उद्यानाचे नियम आधी पाहून घरच्या भिंतीवर पेन्सिलीने खूण केली असती, तर त्यास निघण्यापूर्वीच सर्व ठाऊक झाले असते आणि त्याच्यासाठी दुसरे काही ठरविता आले असते.

आजी-आजोबांचे प्रकरण याहून नाजूक आहे. त्यांचे पूर्ण तिकीट काढले जाते आणि दिवसभर त्यांच्याकडे पिशव्या, चपला आणि ओले टॉवेल राखण्याचे काम येते. विचारले तर, ‘आम्हाला काय, तुम्ही मजा करा,’ असे ते म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे तत्परतेने मान्य केले जाते. सामान ठेवण्यासाठी भाड्याचे कप्पे मिळतात, त्यांचे भाडे अंदाजपत्रकात धरावे. सावलीची जागा, गुडघ्यांना झेपेल एवढे चालणे, औषधांच्या वेळा आणि दुपारी दोन तासांची विश्रांती आधीच ठरवावी. व्हीजीपीच्या उद्यानात राजवाड्याच्या पहारेकऱ्याच्या वेषात पुतळ्यासारखा निश्चल उभा राहणारा माणूस कित्येक वर्षे मोठे आकर्षण होता. त्यास हसविण्यासाठी मुलांइतकेच आजोबाही हावभाव करीत. त्या खेळास ना उंचीची अट होती, ना गुडघ्यांची. वयस्क माणसांना काय आवडेल, हा प्रश्न त्यांनाच आणि निघण्यापूर्वी विचारला, तर कदाचित उत्तर निराळे येईल. त्यांना उद्यानाऐवजी त्या दिवशी महाबलीपुरम्‌ पाहावयाचे असेल. रस्ता तोच आहे.

काही गोष्टी थोडक्यात नोंदविणे पुरेसे आहे. रेल्वेचे आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते. साताऱ्याच्या पाहुण्यांसाठी तो दिवस दिनदर्शिकेत लिहून ठेवावा. उद्यानांच्या प्रवेशावरील वस्तू व सेवा कर २०१८ च्या आरंभी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तरीही जाहिरातीतील दरात तो धरलेला आहे किंवा नाही, हे पाहावेच. कर्मचारी वाचकांना प्रवास सवलतीवरील करमाफीची आठवण असेलच. जुन्या करप्रणालीत ती चार वर्षांच्या गटात दोनदा मिळते, परंतु देशांतर्गत प्रवासभाड्यापुरतीच; उद्यानाचे तिकीट आणि हॉटेलचा खर्च तिच्यात येत नाही. नवीन करप्रणाली निवडलेल्यांना ती मुळातच नाही.

इतके सारे ठरवावयाचे तर मग मौज कोठे राहिली, असा आक्षेप घेतला जातो. अचानक निघण्यात एक गंमत असते, हे नाकारता येणार नाही, आणि मरीनावर सूर्योदय पाहण्यासाठी पहाटे उठून निघणाऱ्याने कसलेही अंदाजपत्रक करू नये. पण सहा माणसे, तीन पिढ्या आणि हजारो रुपये गुंतलेल्या दिवसाची गोष्ट वेगळी. तेथे ठरविलेले नसते त्याची जागा भांडण घेते. शिवाय वाट पाहण्यातही मौज असते, आणि ती घाईने निघालेल्यास मिळत नाही. आवर्ती ठेवीचे पासबुक मुलांच्या हाती देऊन दरमहा त्यांच्याकडूनच बेरीज करून घेतली, तर बारा महिने ती सहल घरात थोडी थोडी होत राहते. एखाद्या महिन्यात हप्ता चुकला तर तो का चुकला, हेही त्यांना समजते, आणि उद्यानातील पन्नास रुपयांच्या खाऊसाठी हट्ट धरावा की नाही, याचा निर्णय ती कित्येकदा स्वतःच करतात.

येत्या फेब्रुवारीत जावयाचे असेल तर ठेवीचा पहिला हप्ता या फेब्रुवारीत पडावयास हवा. भिंतीवरील पेन्सिलीची खूणही त्याच दिवशी करावी. वर्षभरात मूल किती वाढते, हे पाहण्याची उत्सुकता पासबुकातील व्याजाहून कमी नसते.