नर्सबाई आहे हो, पण कोणती?



गोठ्यात गाय अडली की आपण काय काय विचारतो ते जरा आठवा. येणारा माणूस डिग्रीवाला डॉक्टर आहे, की पशुधन पर्यवेक्षक, की नुसताच दवाखान्यातला शिपाई? याआधी त्याने किती अडलेली वासरे काढली? शेजारच्या वस्तीवर त्याचा हात कसा होता? गाय पन्नास-साठ हजारांची असते, विचारायलाच पाहिजे. पण घरातल्या सुनेला कळा सुरू झाल्या की हा चौकसपणा कुठे जातो कोण जाणे! "नर्सबाई आहे ना तिथं? मग झालं," एवढ्यावर आपण गाडी काढतो.

या 'नर्सबाई' शब्दात आज निदान पाच-सहा प्रकारच्या बाया मोडतात. कुणाचे शिक्षण तीस दिवसांचे, कुणाचे चार वर्षांचे. कुणाला सुई टोचायचा अधिकार आहे, कुणाला नाही. कुणाचे नाव सरकारी नोंदवहीत आहे, कुणाचे कुठेच नाही. पांढरा कोट मात्र सगळ्यांना सारखाच शोभतो. म्हणून हा प्रपंच.

सुरुवात सुईणीपासून करू. आज पन्नाशी-साठीत असलेल्या आपल्यातल्या बहुतेकांची नाळ तिनेच कापली आहे. बाळंतपण विटाळाचे, म्हणून ते काम बऱ्याच गावांत खालच्या मानलेल्या जातीतल्या बाईवर टाकलेले असे. मोबदला काय, तर एखादे लुगडे आणि पायली-दोन पायली जोंधळे. १९७७ साली ग्रामीण आरोग्य योजना आली आणि सरकारने या दाईला प्रशिक्षण द्यायचे ठरवले. मुदत तीस दिवसांची. आठवड्यातले दोन दिवस आरोग्य केंद्रात शिकायचे आणि बाकीचे दिवस आरोग्य सेविकेबरोबर गावात फिरायचे. विद्यावेतन तीनशे रुपये, शेवटी एक प्रमाणपत्र आणि बाळंतपणाच्या साहित्याची पेटी. शिकवणीचा गाभा म्हणजे पाच गोष्टींची स्वच्छता: हात, जागा, पाते, नाळ बांधायचा दोरा आणि नाळ. नाळेला राख-शेण लावायचे नाही, हे घरोघर सांगितले ते या बायांनीच. गरोदरपणातल्या लशीचा वाटा मोठा आहेच. पण २०१५ साली भारतातून माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले, त्यात या अडाणी म्हटल्या गेलेल्या हातांचाही वाटा होता. उच्चाटन म्हणजे रोग नाहीसा झाला असे नव्हे. कोणत्याही जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण, असा त्याचा अर्थ.

आता दुसरी बाजू. दाईचे प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हता. तिची नोंद कोणत्याही परिषदेकडे नव्हती. तिच्या पेटीत रक्तस्राव थांबवायचे औषध नव्हते. बाळंतपणानंतर जोराचा रक्तस्राव लागला तर दोन तासांत बाई हातची जाऊ शकते. तिथे अनुभवी हातसुद्धा रिकामाच ठरतो. म्हणून पुढे धोरण बदलले. 'कुशल' कोण, याची जी व्याख्या झाली, तीत डॉक्टर, नर्स आणि एएनएम आल्या. दाई राहिली बाहेर, मग ती तीस दिवस शिकलेली का असेना. धोरण बरोबरच होते, असे माझे मत आहे. पण ते राबवताना या म्हाताऱ्यांना कुणी साधे बोलावून दोन शब्द सांगितले नाहीत. काल प्रमाणपत्र, आज गुन्हेगारासारखी वागणूक. हे चांगले झाले नाही.

आता उपकेंद्रातली बाई. आपण जिला सिस्टर म्हणतो ती म्हणजे एएनएम, शुद्ध मराठीत सहाय्यकारी परिचारिका प्रसाविका. पूर्वी हा अभ्यासक्रम दहावीवर दीड वर्षाचा होता, आता तो बारावीवर दोन वर्षांचा आहे. सपाट भागात पाच हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र हा नियम. पण नुसती एएनएम असणे वेगळे आणि कुशल प्रसूतीचे जादा प्रशिक्षण घेतलेली असणे वेगळे. हे प्रशिक्षण एकवीस दिवसांचे असते. मूल जन्मल्यावर मिनिटभरात मांडीत दहा युनिट ऑक्सिटोसिन टोचणे, झटके आलेल्या बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देणे, जंतुसंसर्गावरचे पहिले औषध देणे आणि मगच पुढच्या दवाखान्यात पाठवणे, हे तिला तिथे हातांनी करायला शिकवतात. एरवी डॉक्टरशिवाय देता न येणारी ही औषधे द्यायची मुभा केंद्र सरकारने तिला दिली आहे, ती याच कारणासाठी. शिवाय कळा भरात आल्या की प्रगतीचा तक्ता भरायचा असतो. त्यावरची रेघ उजवीकडे सरकू लागली की गाडी बोलवायची वेळ झाली.

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी की शिकलेला हात चालवला नाही तर गंजतो, विळ्यासारखा. बऱ्याच उपकेंद्रांत आता वर्ष-वर्ष बाळंतपण होत नाही. लसीकरण, सर्वेक्षण, मोबाइलवरची माहिती आणि पुन्हा तीच माहिती रजिस्टरात, यात बाईंचा दिवस जातो. रात्री राहावे तर खोलीला दार नाही नाहीतर नळाला पाणी नाही. मग ती तालुक्याला राहते आणि आपण "सिस्टर मुख्यालयी राहत नाही" म्हणून तक्रार करतो. तक्रार खरी आहे. पण सरपंच, त्या खोलीत तुमची मुलगी एक रात्र तरी राहील का?

आशाताईंबद्दलही घोळ नको. आशा ही प्रसाविका नाही, आणि तिने बाळंतपण करावे अशी अपेक्षा धरणे तिच्यावर अन्याय आहे. ती सोबत जाते, आणि नंतर बेचाळीस दिवसांत ठरलेल्या भेटी देते: दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर सहा, घरी झाले असेल तर सात. या भेटींची मुळे आपल्याच राज्यात आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. तिथले बालमृत्यूचे काम १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण शेजारच्या तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी होते. त्या बायांकडे डिग्री नव्हती. त्यांच्या पाठीशी होती ती नियमित देखरेख, आणि पुन्हा पुन्हा शिकवणे. किती दिवसांचे प्रशिक्षण झाले यापेक्षा, नंतर कुणी येऊन पाहते का, हा प्रश्न मला मोठा वाटतो.

आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात भेटतात त्या स्टाफ नर्स. तीन वर्षांची जीएनएम (पूर्वी साडेतीन वर्षांची) किंवा चार वर्षांची बीएस्सी. यांच्या नोंदणीतच नर्स आणि मिडवाइफ अशा दोन्ही गोष्टी येतात. आणि आता याच्याही वरची एक पायरी आली आहे. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यानुसार अनुभवी नोंदणीकृत नर्सला आणखी अठरा महिने फक्त बाळंतपणाचेच शिक्षण द्यायचे. साधी, बिनधोक बाळंतपणे तिनेच स्वतःच्या जबाबदारीवर करायची. बिघाड दिसला तरच डॉक्टर. तेलंगणाने हा प्रयोग केंद्राच्याही आधी, २०१७ साली सुरू केला होता. २०२३ साली संसदेने नवा कायदा केला, त्याच्या नावातही नर्सिंगच्या जोडीला मिडवाइफरी आहे. अशी बाई आपल्या तालुक्यात येईल तेव्हा येईल. पण ती का हवी ते बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात शंभरातली जवळजवळ ९५ बाळंतपणे दवाखान्यात होतात, आणि शंभरातल्या पंचवीस बायांचे पोट फाडले जाते. त्यातली काही शस्त्रक्रिया जीव वाचवतात, त्याबद्दल वाद नाही. पण चारात एक? म्हणजे घरी की दवाखान्यात, हा जुना प्रश्न आता मिटला आहे. खाटेजवळ कोण उभे आहे, हा प्रश्न उरला आहे.

आणि हा प्रश्न खासगी दवाखान्यात तर जास्तच विचारायला हवा. तिथे पांढऱ्या कोटातली मुलगी पुष्कळदा बारावी होऊन कामावर लागलेली, बघून बघून शिकलेली असते. दोष तिचा नाही. तालुक्याच्या गावी भाड्याच्या दोन खोल्यांत सहा महिन्यांचे, वर्षाचे 'नर्सिंग कोर्स' चालतात. शेतकऱ्याने सोयाबीनचे पैसे मोडून पोरीची फी भरायची, आणि हातात येतो तो नुसता रंगीत कागद. तो घेऊन महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नाही म्हणजे सरकारी भरतीचा अर्जसुद्धा भरता येत नाही. म्हणून फी भरण्याआधी एकच विचारा: हा कोर्स एएनएम, जीएनएम की बीएस्सी, आणि परिषदेची मान्यता कुठे आहे ती दाखवा. "तसंच समजा हो," असे उत्तर आले की चहा न घेता उठा.

आता सुईणीचे काय करायचे? गावात अजून एखादी असेलच. २०१६ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ एक सोबतीण ठेवायला केंद्राने मुभा दिली आहे. स्वतः बाळंतपणातून गेलेली, नात्यातली बाई असावी असा संकेत आहे. सुईण नात्यातली नाही असे आपल्या गावात कोण म्हणेल? पाठीवर हात फिरवायला, धीर द्यायला, आणि "हिला आता नेलं पाहिजे" हे वेळेवर ओळखायला तिच्यासारखी दुसरी मिळायची नाही. दवाखान्याच्या बाईंशी बोलून बघा. नाळ कापायला मात्र तिला सांगू नका, कितीही रात्र झालेली असो. गाडी मोफत आहे, औषधे, रक्त आणि जेवणही मोफत आहे. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने तो हक्क दिला आहे.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे आपले ग्रामसेवकच), येत्या ग्रामसभेत दोन विषय घ्या. पहिला उपकेंद्राच्या राहत्या खोलीचा: छप्पर, दार, पाणी, दिवा. याच ठरावात उपकेंद्राच्या भिंतीवर एक फलक लावायचे ठरवा. त्यावर बाईंचे नाव, शिक्षण, नोंदणी क्रमांक आणि एकवीस दिवसांचे प्रशिक्षण झाले की नाही, एवढे असले म्हणजे पुरे. दुसरा विषय म्हणजे बाईंना सगळ्यांसमोर, पण आदराने विचारायचा प्रश्न: मागच्या वर्षभरात तुमच्या हातून किती बाळंतपणे झाली? उत्तर शून्य आले तर त्यांच्यावर ओरडू नका. त्यांना महिनाभर ग्रामीण रुग्णालयाच्या प्रसूती कक्षात हात चालवायला पाठवावे आणि तेवढे दिवस बदली बाई द्यावी, असा ठराव लिहून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे पोहोचवा, आणि पोच घेऊन या.