मोटर बदलण्याआधी गेज वाचा



बर्फाचा कारखाना असो, दुधाचं चिलिंग असो की तासगाव-सांगलीकडचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज, एप्रिल-मे आला की एक प्रश्न हमखास येतो: "सर, कॉम्प्रेसरची मोटर लोड घेतेय, सारखी ट्रिप होतेय. मोठी मोटर टाकू का?"

माझं मत स्पष्ट आहे. आधी खिशात हात घालू नका. मोटर बिचारी हमाल आहे, पाठीवर ओझं कोण टाकतंय ते शोधा. आणि कुणी म्हणालं, "ओव्हरलोड रिलेची सेटिंग वाढवून देतो", तर सरळ नाही म्हणा. आज मशीन चालेल, उद्या वाइंडिंग जळेल.

मग बघायचं काय?

१. वीज: तिन्ही फेजचं व्होल्टेज आणि अँपिअर मोजा, मोटरच्या नेमप्लेटशी ताडून पाहा. व्होल्टेज पडलं की तेवढ्याच कामाला मोटर जास्त करंट ओढते.

२. डिस्चार्ज प्रेशर: खरा चोर बऱ्याचदा इथेच असतो. अमोनिया प्लांटला ३५ अंश कंडेन्सिंगला गेजवर साधारण १८० पीएसआय दिसतं, ४० अंशाला २१० च्या आसपास. काटा वर चढत असेल तर कंडेन्सरवर क्षार बसलेत का, नोझल चोक आहेत का, फॅनचा पट्टा ढिला आहे का ते बघा. नाहीतर सिस्टिममध्ये हवा शिरलेली असते. मशीन बंद करून कंडेन्सरचं पाणी चालू ठेवा. कंडेन्सर पाण्याच्या तापमानाला आल्यावरही प्रेशर तक्त्यापेक्षा जास्त असेल, तर हवा आहे. ती काढायचं काम मात्र प्रशिक्षित ऑपरेटरचंच. अमोनियाशी खेळ नको.

३. सक्शन प्रेशर: गरम माल एकदम भरला की सक्शन वाढतं, कॉम्प्रेसर जास्त गॅस ओढतो आणि लोड चढतो. माल टप्प्याटप्प्याने भरा. अनलोडर काम करतोय का तेही तपासा.

हे तिन्ही ठीक असेल तरच पट्ट्याचा ताण, अलाइनमेंट, बेअरिंग आणि ऑइलकडे वळा.

काहीजण म्हणतील, "मी धंदा करू की गेज बघत बसू?" अहो, हाच धंदा आहे! समजा मोटर ५ किलोवॅट जादा खातेय आणि रोज १६ तास चालतेय. म्हणजे ८० युनिट. १० रुपये युनिट धरा: दिवसाला ८००, महिन्याला २४,००० रुपये. एका कामगाराचा पगार झाला की! वर मॅक्सिमम डिमांड वाढली तर बिलात तो फटका वेगळा.

म्हणून दोनशे पानी वही आणा. दर दोन तासांनी सक्शन, डिस्चार्ज, अँपिअर आणि कंडेन्सरच्या पाण्याचं तापमान लिहायला लावा, आणि रात्री गल्ला मोजता तशी ती वही स्वतः वाचा. मेकॅनिक आला की आधी वही त्याच्या हातात द्या, मगच पान्याला हात लावू द्या.