खोडण्यापूर्वी विचार करा

प्रयोगाच्या तासाला तुमचे एखादे मोजमाप पुस्तकातील आकड्याशी जुळत नाही. तेव्हा तुम्ही काय करता? पुष्कळ मुले तो आकडा खोडतात आणि शेजाऱ्याच्या वहीतील आकडा लिहितात. माझ्या मते ही सवय वाईट आहे. का, ते एका उदाहरणावरून पाहू.

मोबाइलवर रस्ता दाखवणारी जीपीएस यंत्रणा तुम्हाला माहीत आहे. तिचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून रेडिओ संदेश पाठवतात. संदेश पोचायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर काढतात. परंतु वातावरणातून येताना संदेशाला किंचित उशीर होतो आणि तो थोडा वाकतोही. त्यामुळे हिशेबात काही मीटरचा फरक पडतो.

रस्ता शोधणाऱ्याच्या दृष्टीने ही चूकच. ती वजा केली, की त्याचे काम झाले. शास्त्रज्ञांनी मात्र विचारले, "हा उशीर का होतो?" वातावरणाच्या वरच्या थरात विद्युतभारित कण असतात, खालच्या थरात बाष्प असते. उशीर नीट मोजला, तर त्यांचे प्रमाण कळते.

१९६५ साली मरिनर-४ हे यान मंगळाआड गेले. त्या वेळी त्याच्या संदेशात पडलेल्या फरकावरून मंगळावरील हवा फार विरळ आहे, हे समजले. १९९५ मध्ये हीच युक्ती पृथ्वीसाठी वापरली गेली. जीपीएसचा उपग्रह पृथ्वीआड जाताना त्याचा संदेश दुसऱ्या उपग्रहाने टिपला. २००६ मध्ये तैवान व अमेरिका यांनी याच कामासाठी सहा छोटे उपग्रह सोडले. आज अशा नोंदी हवामानाचा अंदाज बांधताना उपयोगी पडतात.

मे २०२४ मध्ये मोठे सौर वादळ आले. अमेरिकेत ऐन पेरणीच्या दिवसांत जीपीएसच्या आधारे चालणारे अनेक ट्रॅक्टर थांबले. शेतकऱ्यांचे नुकसान झाले. पण त्याच बिघडलेल्या संदेशांतून वरच्या थरातील खळबळ मोजता आली.

कोणी म्हणेल, प्रत्येक चुकीतून ज्ञान मिळत नाही. खरे आहे. तापमापक नीट वाचला नाही, तर ती नुसती चूकच. म्हणून प्रयोग पुन्हा करा. आकडा पुन्हा तोच आला, तर तो तसाच लिहा आणि शिक्षकांना कारण विचारा. आम्हा शिक्षकांनीही अशा प्रामाणिक आकड्याचे गुण कापू नयेत. मग, पुढच्या प्रयोगाला एवढे कराल ना?