पट्टीवरच्या आकड्याची साधनचिकित्सा

#धागा

१/ लिनक्स वापरणारी आमच्या वयाची मंडळी डेस्कटॉपच्या कडेला एक बारीक स्टेटस बार लावतात. मेमरी, प्रोसेसर, तापमान, 'लोड' असे आकडे तीवर मांडतात, तिचे स्क्रीनशॉट मिरवतात आणि कोणी शंका काढली की सुनावतात, "आकडा खोटे बोलत नाही." इतिहासाच्या विद्यार्थ्याने "कागद खोटे बोलत नाही" असे विधान केले, तर पहिल्याच तासाला त्याची हजेरी घेतली जाईल. मग येथे ही भाबडी श्रद्धा कशी खपते? माझा आक्षेप एकाच आकड्याच्या आधारे मांडते : लोड अ‍ॅव्हरेज.

२/ हा आकडा लिनक्सहून जुना आहे. पीडीपी-१० यंत्रांवरील टेनेक्स प्रणालीत तो होता; १९७३ सालच्या आरएफसी ५४६ या दस्तऐवजात त्या वर्षीच्या जुलै महिन्यातील टेनेक्स यंत्रांचे लोड नोंदवले आहेत. तेव्हा अर्थ सरळ होता : प्रोसेसरवर चालू असलेली आणि त्याच्यासाठी ताटकळणारी कामे मिळून सरासरी किती. लोड १० म्हणजे एक काम खिडकीशी आणि नऊ रांगेत.

३/ १९९३ च्या ऑक्टोबरमध्ये माथियास उर्लिक्स यांनी लिनक्ससाठी एक छोटी दुरुस्ती पाठवली. त्यांचे म्हणणे असे की, वेगवान स्वॅप डिस्क काढून मंद डिस्क बसवली तर यंत्र रखडते, पण लोड मात्र उतरतो. हे विपरीत आहे. तेव्हापासून लिनक्सच्या लोडमध्ये डिस्कची वाट पाहत अडकलेली, मध्येच थांबवता न येणारी कामेही धरली जातात. युक्तिवाद योग्यच होता. पण नाव तेच राहिले आणि आशय बदलला. 'देशमुख' हा शब्द सतराव्या शतकातील कागदात अधिकारपद असतो आणि आजच्या मतदारयादीत आडनाव; दोन्हींना एकच समजणाऱ्याच्या हाती दप्तर देऊ नये. (हे पत्र २०१७ साली ब्रेंडन ग्रेग यांनी जुन्या संग्रहांतून शोधून काढले. आमच्याकडे अशा कामाला पीएचडी मिळते.)

४/ हा शब्दच्छल नव्हे. प्रबंधासाठी काढलेली मोडी कागदांची छायाचित्रे मी बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवली होती. ती उघडून क्रम लावू लागले की पट्टीवर लोड ९ च्या पुढे जाई आणि आकडा लाल होई. हा लाल रंगाचा नियम मी दुसऱ्या कोणाच्या तरी कॉन्फिग फाइलमधून जसाच्या तसा उचललेला. लाल म्हणजे प्रोसेसर थकला, असे मी धरून चालले. त्याच पट्टीवर, दोन बोटांच्या अंतरावर, प्रोसेसरचा वापर ६ टक्के दिसत होता! दोन साधने परस्परविरोधी साक्ष देत असताना मी मोठ्या आवाजाच्या साधनावर विश्वास ठेवला. तीन आठवडे कामे रात्रीवर ढकलली, नव्या लॅपटॉपसाठी घरी पैशांचा विषयही काढला. मरत होती ती डिस्क. सगळी कामे तिच्याच दाराशी खोळंबली होती, आणि लोड नेमके तेच सांगत होता. दोन रुमालांची छायाचित्रे गेली. ते रुमाल पुन्हा पाहण्यासाठी नव्याने अर्ज केला. अजून उत्तर नाही.

५/ यावर एक पक्ष म्हणेल, "म्हणूनच सामान्य वापरकर्त्याला आकडे दाखवू नयेत." २०११ साली ग्नोम ३ आला आणि जुन्या पॅनेलवरची अ‍ॅपलेट्स नव्या शेलमधून गेली, तेव्हाही स्वच्छ पडद्याचे असेच कौतुक झाले. मला ते मान्य नाही. कागद चुकीचा वाचला जातो म्हणून दप्तरखान्याला कुलूप लावणे हा उपाय कोणत्या शास्त्रात बसतो? लपवलेल्या आकड्याने माझी डिस्क वाचली नसती; तिचा संशय येण्याची शक्यताही उरली नसती.

६/ उपाय आहे, आणि तो किचकट नाही. लिनक्स ४.२० (डिसेंबर २०१८) पासून कर्नलमध्ये 'प्रेशर स्टॉल' माहिती मिळते : प्रोसेसर, मेमरी आणि आयओ यांच्यासाठी कामे किती टक्के काळ खोळंबली, हे तीन वेगळ्या फाइलींत. काही वितरणांत ती बंद असते, सुरू करावी लागते. आयओच्या फाइलमधला गेल्या १० सेकंदांचा आकडा उचलून पट्टीवर आणायला चार ओळींची शेल स्क्रिप्ट पुरते. आयथ्री असो वा वेबार. मेमरीबाबतही 'फ्री' दाखवू नका. कर्नल रिकामी मेमरी डिस्कच्या कॅशसाठी वापरतो, त्यामुळे तो आकडा उगाच घाबरवतो. २०१४ पासून, आवृत्ती ३.१४ पासून, 'अव्हेलेबल' हा वेगळा अंदाज मिळतो, तो घ्या.

७/ माझ्या पट्टीवर आता आयओचा खोळंबा, उपलब्ध मेमरी आणि बॅटरी आहे. लोडही ठेवला आहे. फक्त त्याच्या आधी 'रांग, डिस्कसह' असे लिहिले आहे आणि लाल रंग काढून टाकला आहे.