कर्णधारपद कोणाला नाकारले? पालवणकर बाळूंची कारकीर्द

१/ भुसावळ जंक्शन ज्या जी.आय.पी. रेल्वेचे, त्याच कंपनीच्या मुंबईतील संघाकडून विसाव्या शतकाच्या आरंभी एक डावखुरा फिरकी गोलंदाज खेळत असे. त्यांचे नाव पालवणकर बाळू. जन्म १८७६, धारवाड, जात चांभार.

२/ पुण्यात त्यांनी प्रथम पारशी क्लबाच्या मैदानाची झाडलोट केली. वेतन महिना तीन रुपये. पुढे पूना क्लबात चार रुपयांवर गोऱ्या साहेबांना सरावासाठी चेंडू टाकले. फलंदाजीची संधी मात्र मिळाली नाही. हिंदू संघाने त्यांना घेतले, पण चहा मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात दिला.

३/ १९०६ हे खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले ते वर्ष. त्याच वर्षी मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. बाळूंनी सामन्यात आठ बळी घेतले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरहून अधिक गडी बाद केले.

४/ एवढ्या कामगिरीनंतरही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी रीतसर दिले गेले नाही. १९२० साली या अन्यायाविरुद्ध त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल व शिवराम यांनी संघातून माघार घेतली. त्यानंतरच बाळूंना उपकर्णधारपद मिळाले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली.

५/ 'गुणवत्तेपुढे जात हरली' असा या कथेचा सारांश नेहमी सांगितला जातो. तो अपुरा आहे. गुणवत्तेमुळे बाळूंना संघात जागा मिळाली, काळाच्या ओघात पंगतभेदही सैलावला, हे मान्य. पण गुणवत्ता १९०६ सालीच सिद्ध झाली होती. कर्णधारपद घरात यायला आणखी सतरा वर्षे आणि एक उघड नकार लागला. कौशल्य विकत घेणाऱ्या समाजाने अधिकार देताना हात आखडता घेतला.

६/ म्हणून जळगाव-धुळ्याच्या जुन्या मैदानांचा इतिहास धुंडाळणाऱ्यांनी धावा आणि बळी टिपून थांबू नये. रोलर कोण ओढत होते, संघ कोण निवडत होते आणि कर्णधार कोणाला होऊ दिले नाही, हेही विचारावे. ते सांगणारी वृद्ध माणसे अजून गावोगाव आहेत. त्यांच्याकडे आधी जावे.