शिक्षकाच्या माथीं किती भार?

मूल शाळेंत आलें नाहीं कीं शिक्षकास जाब विचारावा, ही आपली जुनी रीत. परंतु जुन्नर-आंबेगांवच्या पश्चिम खोऱ्यांतील महादेव कोळी व ठाकर कुटुंबें मजुरीसाठीं नारायणगांवाकडे उतरतात, तेव्हां त्यांच्या मुलांमागें जावयाचें कोणीं? वर्ग सोडून शिक्षकानें? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें त्यास शिक्षणेतर कामांतून मोकळें केलें खरें. पण जनगणना, निवडणूक व आपत्तिनिवारण हे अपवाद ठेविलेच! ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीणचीं बहुतेक घरें दरडीखालीं गाडलीं गेलीं. अशा गांवच्या वांचलेल्या मुलांस सांवरणें ही स्वतंत्र विद्या आहे. पाढे शिकविणाऱ्याकडून तिची अपेक्षा करणें अन्यायाचें होय.

“सेवाभावी संस्था आहेत ना!” असें कोणी म्हणेल. त्यांचे उपकार मान्य. परंतु हक्क कायद्याचा आणि त्याची पूर्तता धर्मादायावर, हा कोठला न्याय? निधि संपला कीं संस्था उठते. मुलाची अडचण तेथेंच राहते. म्हणून दर चार-पांच शाळांमागें एक प्रशिक्षित, पगारी समाजसेवक सरकारनेंच नेमावा. ज्या कायद्यानें ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलास शाळेचा हक्क दिला, त्यानें त्या मुलाच्या घरीं जाणारा माणूस देऊं नये काय?