यंत्र खरे, माणूस खोटा?

नवी संगणकप्रणाली आली की व्यवस्थापन माणसांना यंत्राशी जुळवून घेण्याचा उपदेश करते. ब्रिटनच्या सरकारी मालकीच्या पोस्ट ऑफिस कंपनीने १९९९ पासून शाखाशाखांत ‘होरायझन’ ही हिशेबप्रणाली बसविली. पडद्यावर तूट दिसली की कंत्राटी उपडाकपालांनी ती पदरची भरावी, अन्यथा चोर ठरावे! २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक जण दोषी ठरले. प्रणालीच सदोष होती, हे लंडनच्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले. बहुसंख्यांच्या शिक्षा कायद्याने रद्द व्हायला २०२४ उजाडले. मालकी सरकारची, न्याय मात्र भांडवलशाहीचा! कामगार संघटनांचा विरोध यंत्राला नसावा; पण यंत्राचा हिशेब तपासण्याचा हक्क प्रत्येक करारात लिहून घेतल्यावाचून त्यांनी सही करू नये.